दोराला भिऊ नका, दाराला भ्या

या आठवड्याचं पत्र बेळगावच्या भाग्यनगरातून आलंय. लांब आहे, त्यामुळे मोजकं देते:

‘ताई, शाहापुरात वाड्यात चाळीस वर्षं काढली. गेल्या वर्षी मुलानं भाग्यनगरात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. जुलैमध्ये एका दुपारी करंट गेला आणि मी लिफ्टमध्ये अडकलो. बरोबर शेजारचा सातवीतला पोरगा. पंचवीस मिनिटं काळोख. मग वॉचमननं दुसऱ्या मजल्याचं दार कसंतरी उघडलं. लिफ्ट अर्ध्यात लटकलेली. पोरानं टुणकन उडी मारली, मला दोघांनी धरून खाली ओढलं. गुडघा मुरगळला तो अजून धड नाही. तेव्हापासून मी जिन्यानंच जातो. सून हसते. मला रोज वाटतं, दोर तुटला तर?

दुसरं. आमच्या ग्रुपवर टाकलंय की कामवाल्या बायका, दूधवाला, भाजीवाली यांनी लिफ्ट वापरायची नाही. करंटचं बिल येतंय आणि लिफ्ट घाण होतीय म्हणून. सगळ्यांच्या सह्या घ्यायलेत. माझी तेवढी राहिलीय. काय करू?

ता. क. लिफ्टमध्ये कुणी अनोळखी असलं तर बोलायचं असतं की गप्प उभं राहायचं असतं? वाड्यात असला प्रश्न कधी पडला नाही.’

(बाहेरगावच्या वाचकांसाठी: ‘मी अडकलो’, ‘मी जातो’ ही चूक नाही. आपल्या भागातल्या बायका असंच बोलतात. मीही घरात तसंच बोलते. छापताना तेवढी ‘जाते’ होते.)

काकू, आधी गुडघा. जुलैचं दुखणं अजून आहे आणि तुम्ही रोज तीन मजले चढताय-उतरताय. लिफ्टचं नंतर बघू, या आठवड्यात हाडांच्या डॉक्टरांना दाखवून या.

आता भीतीचं. सुनेनं हसायला नको होतं. काळोखात पंचवीस मिनिटं उभं राहणं म्हणजे काय, ते राहिलेल्यालाच कळतं. पण तुमची भीती चुकीच्या जागी बसलीय असं मला वाटतं. ती पंचवीस मिनिटं तुम्ही सुरक्षित होता. जिवावरचं काय होतं तर ते शेवटचं अर्धं मिनिट, दार उघडून तुम्हाला खाली ओढलं तेव्हाचं. त्या अर्ध्या मिनिटाला मात्र सगळ्यांनी ‘सुटका’ म्हटलं.

आमच्या बिल्डिंगला महिन्याला एक मेकॅनिक येतो. तुमचं पत्र आल्यावर त्याला चहाला बसवून मी तासभर छळलं. त्यातलं तुमच्या कामाचं सांगते.

लिफ्टची पेटी एका दोरावर लटकत नाही. पोलादी दोर अनेक असतात आणि त्यातला एकेक दोर भरलेली पेटी पेलेल इतका जाड असतो. दोरांच्या दुसऱ्या टोकाला लोखंडी वजनं असतात, त्यांना काउंटरवेट म्हणतात. दोन्ही टोकांना घागरी बांधलेला रहाट डोळ्यासमोर आणा. गंमत म्हणजे हे काउंटरवेट रिकाम्या पेटीपेक्षा जड असतं. म्हणजे पेटीत तुम्ही एकट्या असताना समजा ब्रेक सुटलाच, तर पेटी खाली कोसळायची नाही, वर जायला लागेल! आणि खाली येताना, नव्या लिफ्टमध्ये वर जातानाही, चाल ठरलेल्या वेगापुढे गेली की गव्हर्नर नावाचं चाक अडकतं आणि पेटीला आवरणारे ब्रेक लागतात. खाली येणाऱ्या पेटीचे जबडे तर दोन्ही बाजूंच्या लोखंडी रुळांना चावून धरतात. ही युक्ती आजची नाही. १८५०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये एलिशा ओटिस नावाच्या माणसानं भर प्रदर्शनात उंचावरच्या फळीवर उभं राहून दोर कापायला लावला होता. फळी थोडी खचली आणि थांबली. त्यानंतरच, १८५७ साली, तिथल्या एका दुकानात माणसांना नेणारी लिफ्ट लागली. तुमच्या मनातल्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांसमोर देऊन झाल्याशिवाय लिफ्टमध्ये पाऊल ठेवायला लोक सहजी तयार नव्हते.

आणि करंट जातो तेव्हा काय होतं? आपल्याला वाटतं, करंट गेला म्हणजे लिफ्टचा आधार गेला. असतं उलटं. लिफ्टचा ब्रेक स्प्रिंगनं आवळलेला असतो आणि करंट त्याला सोडवून धरतो. करंट गेला की ब्रेक आपोआप आवळतो. जुलैमध्ये दिवे गेले त्याच क्षणी तुमची पेटी घट्ट धरली गेली होती. हवेचीही काळजी नको. पेटीला वर-खाली झरोके असतात, पंखा बंद पडला तर उकडतं, घाम येतो, पण गुदमरत नाही.

मग भ्यायचं कशाला? दाराला.

तुमची पेटी दोन मजल्यांच्या मध्ये होती आणि दुसऱ्या मजल्याचं दार उघडलं. म्हणजे समोर मजल्याची फरशी, तिच्यावर छातीच्या उंचीला पेटीचा तळ, आणि त्या तळाखाली उघडी पोकळी. ती पोकळी थेट तळमजल्याच्या खड्ड्यापर्यंत जाते. पेटीच्या काठावर बसून उतरणाऱ्या माणसाचे पाय फरशीला टेकतात आणि तोल मागे गेला तर तो सरळ त्या पोकळीत. पोरानं टुणकन उडी मारली ना? मेकॅनिकला हे सांगितलं तेव्हा त्याचा चहाचा कप हातातच राहिला.

वॉचमनचा हेतू चांगला होता, त्याला दोष देऊ नका. दोष आहे तो त्याच्याकडे ती किल्ली कशी आली याचा. मजल्याचं दार बाहेरून उघडायला बहुतेक लिफ्टना एक त्रिकोणी तोंडाची किल्ली असते. ती शिकलेल्या माणसाकडेच असावी. नीट पद्धत अशी: मेकॅनिक आधी मेन स्विच बंद करतो, मग ब्रेक हातानं थोडा थोडा सोडत पेटी मजल्याच्या बरोबरीला आणतो आणि मगच दार उघडतो. तोपर्यंत आतल्या माणसानं काय करायचं, तर अलार्मचं बटण दाबायचं, फोन लागला तर करायचा, दारापासून लांब खाली बसायचं आणि बाहेरच्यांशी बोलत राहायचं. आपणहून दार ओढायचं नाही, छताची झडप उघडायला जायचं नाही. मेकॅनिक येईना आणि आत कुणाला बरं वाटत नसेल, तर बाहेरच्यांनी ११२ लावायचा. बाहेरच्यांचं आणखी एक काम म्हणजे धीर द्यायचा. ‘आलो आलो’ एवढं दर पाच मिनिटांनी ऐकू आलं तरी पुष्कळ असतं. तुमच्या पत्रात पंचवीस मिनिटांत कुणी दाराशी येऊन बोलल्याचं दिसत नाही, आणि मला वाटतं तुमच्या भीतीचं अर्धं कारण तेच आहे.

आता थोडं सेक्रेटरींसाठी. करंट गेल्यावर बॅटरीवर पेटीला जवळच्या मजल्यावर आणून दार उघडून देणारं एक यंत्र मिळतं, मेकॅनिक त्याला एआरडी म्हणतात. तुमच्या लिफ्टला ते एकतर नाही, किंवा आहे आणि त्याची बॅटरी मेलीय. पावसाळ्यात आपल्याकडे करंटचा काय खेळ असतो ते हेस्कॉमच्या, म्हणजे आपल्याकडच्या वीज कंपनीच्या, कुठल्याही गिऱ्हाइकाला विचारा. सह्या घ्यायच्याच तर या बॅटरीसाठी घ्याव्यात. शिवाय कर्नाटकात लिफ्टसाठी २०१२ चा स्वतंत्र कायदा आहे, लिफ्टला परवाना लागतो आणि तपासणी राज्याच्या विद्युत निरीक्षणालयाकडे असते. तुमच्या लिफ्टचा परवाना चालू आहे का, एवढं नम्रपणे ग्रुपवर विचारा. कोल्हापूरच्या पाहुण्यांचे नियम सांगू नका, तिकडचा कायदा वेगळा आहे. या एका बाबतीत तरी सीमेचा वाद घालण्यात अर्थ नाही.

भाषेचं निघालंच आहे तर: तुमच्या पेटीत सूचना कुठल्या भाषेत आहेत? आमच्याकडे इंग्रजी आणि कानडी. मला दोन्ही येतात, माझ्या सासूबाईंना दोन्ही वाचता येत नव्हत्या. त्यांना ती घंटेची खूण म्हणजे पंख्याचं बटण वाटायचं. कुणाची पाटी काढा म्हणत नाही मी. पण मेकॅनिकचा आणि सेक्रेटरींचा नंबर आणि ‘अडकलात तर घंटा दाबा, दार ओढू नका’ एवढी एक ओळ मराठीत, मोठ्या अक्षरात, पेटीत लावायला कुणाची हरकत नसावी. नातवाकडून लिहून घ्या.

आणि परत लिफ्टमध्ये पाऊल ठेवायचं कसं? मेकॅनिक येईल त्या दिवशी, त्याच्या देखत. सुनेला बरोबर घ्या, हसली होती ना, तिलाच घ्या. तळमजल्यावर दार उघडं ठेवून आत नुसत्या उभ्या राहा. घंटा दाबून बघा आणि ती कुठं वाजते, कुणाला ऐकू येते ते शोधा. पुष्कळ ठिकाणी ती जिन्याखाली वाजते आणि वॉचमन असतो चहाच्या गाड्यावर. दार लावून आतून मुलाला फोन करून बघा, रेंज असते का कळेल. मग एक मजला. त्या दिवशी तेवढंच. गुडघा बरा होईपर्यंत चढायला लिफ्ट आणि उतरायला जिना असलं काही करू नका, गुडघ्याला उतरणंच जास्त बाधतं.

दाराबद्दल आणखी दोन-चार गोष्टी, कारण सवयी तिथंच लावायच्या असतात. दार उघडलं की पेटी खरंच समोर आहे का बघायचं, मग पाय. हसू नका, ढकलून उघडायच्या दाराचं कुलूप झिजलं की पेटी नसतानाही ते उघडतं, आणि फोनमध्ये डोकं असलेला माणूस सरळ आत पाऊल टाकतो. आपल्या जुन्या बिल्डिंगांत बाहेर ढकलायचं दार आणि आत जाळीचं दार असतं, त्या दोन दारांच्या मध्ये लहान पोर उभं राहील एवढी जागा सापडते. म्हणून पोराचा हात धरूनच आत जायचं आणि हात धरूनच बाहेर यायचं. आपोआप मिटणाऱ्या दाराला डोळा असतो खरा, पण पदर, ओढणी, कुत्र्याचा पट्टा असल्या बारीक गोष्टी त्याला दिसतीलच असं नाही. पदर खोचून घ्या. मिटत्या दारात हात घालू नका, बटण असतं त्यासाठी. आणि कुठूनही धुराचा वास आला तर लिफ्टकडे बघायचंसुद्धा नाही, जिना.

घाण होते म्हणतात ना तुमचे सेक्रेटरी? बरोबर आहे, होते. पण घाण करतं कोण ते मेकॅनिककडून ऐका. दाराखाली जी लोखंडी खाच असते तिच्यावर दार सरकतं. त्या खाचेत त्याला काय सापडतं? रांगोळी, फुलांच्या पाकळ्या, तांदूळ, चॉकलेटचे कागद, एकदा तर जोडवं. दार अडतं ते या कचऱ्यानं. सणाच्या दिवशी लिफ्टच्या तोंडाशी रांगोळी काढणाऱ्या आपणच, आणि बादलीनं पॅसेज धुणाऱ्याही आपणच. ते पाणी कुठं जातं? खाचेतून खाली, खड्ड्यात, वायरिंगवर. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साठलेलं दिसलं तर लिफ्ट बंद ठेवून मेकॅनिकला बोलवायचं असतं. बारा महिने बादलीनं तेच पाणी आपण आत ओतत असतो. रांगोळी दोन हात बाजूला काढा, पॅसेज पिळलेल्या फडक्यानं पुसा.

हे सांगण्याचं कारण, सहीचा प्रश्न. काकू, सही करू नका.

करंटचं बिल म्हणतात? हिशेब करू. पाच हॉर्सपॉवरची मोटर पूर्ण ताकदीनं वीस सेकंद चालली तरी एका युनिटचा पन्नासावा भाग जळतो. म्हणजे थोडेसे पैसे, रुपयासुद्धा नाही. त्या पैशांसाठी येळ्ळूर नाहीतर कडोलीहून पहाटे उठून आलेल्या बाईनं डोक्यावर पाटी घेऊन तीन जिने चढायचे, आणि आपण तिसऱ्या मजल्यावरनं ‘मावशी, मेथी ताजी आहे ना?’ विचारायचं. तुमच्याकडची कामवाली दिवसाला पाच घरं करत असेल तर तिचे पंधरा-वीस मजले होतात. तुम्ही तीन मजल्यांत गुडघा धरून बसलात.

घाणीचं कारण दिलं जातं तेव्हा खरं मनात काय असतं ते तुम्हालाही माहीत आहे, मलाही. शाहापूरच्या वाड्यात आडावरून काय काय चालायचं ते तुमच्या सासूबाईंनी सांगितलं असेल. लिफ्ट नवी आहे, तेवढाच फरक.

लिफ्ट खरंच जपायची असेल तर नियम सामानावर करा, माणसावर नको. पेटीत पाटी असते बघा, ‘६ व्यक्ती, ४०८ किलो’. माणशी ६८ किलो धरलेले असतात. त्या पाटीला लाज आणतं ते कोण? फ्लॅटचं काम काढलेला माणूस, फरशीचे खोके आणि सिमेंटची पोती भरून नेणारा. आणि लग्नघरची मंडळी, ‘या की ओ, होतंय’ म्हणत दहावा माणूस आत ओढणारी. वजन जास्त होऊन पेटी कर्कश्श वाजायला लागली तर शेवटी शिरलेल्यानं मुकाट बाहेर यावं. तिथं कोण जाड, कोण बारीक ही चर्चा नको. सामान न्यायचंच असेल तर थोडं थोडं, पेटीत जाडं कापड लावून, दुपारी वर्दळ नसताना. आणि वर सामान उतरवेपर्यंत दाराला चप्पल लावून लिफ्ट अडवून धरणारे सगळ्यात वाईट. खाली तुमच्यासारखी कुणीतरी गुडघा धरून उभी असते.

सेक्रेटरींना भांडू नका. एवढंच लिहून द्या: ‘माझी या ठरावाला संमती नाही. जड सामानाबद्दल नियम केल्यास माझी सही धरावी. एआरडीची बॅटरी कधी बदलली ते कळवावे.’ खाली नाव, फ्लॅट नंबर, तारीख. तोंडी सांगितलं तर विरून जातं. एकट्या पडाल असंही वाटत नाही मला. अशा कागदावर सही केलेल्यांतल्या निम्म्यांनी तो वाचलेला नसतो. जमलं तर तुमच्या कामवालीलाही ही लिफ्ट कशी वापरायची, घंटा कुठली, ते दाखवून ठेवा. अडकायची पाळी कुणावरही येईल.

बटणाचंही जाता जाता सांगते, कारण यावरून आमच्या घरात वाद झालेत. जिथं मजल्यावर वर-खाली अशी दोन बटणं असतात तिथं आपल्याला जायचंय ती दिशा दाबायची. लिफ्ट वर आहे, तिला खाली बोलवायचंय म्हणून खालचा बाण दाबायचा नसतो. आणि लवकर येईल म्हणून दोन्ही तर नाहीच. आलेली लिफ्ट उगाच दोनदा थांबते. माझे यजमान रिटायर इंजिनियर आहेत, अजून दोन्ही दाबतात.

आता ता. क. बोलायचं का? हो, पण बेतानं. आतले बाहेर येईपर्यंत बाजूला उभं राहायचं, आत गेल्यावर बटणांच्या आड उभं राहायचं नाही, दुसऱ्याला कितवा मजला म्हणून विचारून त्याचं बटण दाबायचं, एवढ्यानं सुरुवात होते. फोनवर असाल तर आवाज खाली. एखादी पोरगी एकटी असेल आणि आत शिरलेल्या पुरुषाबरोबर जायचं तिच्या मनात नसेल, तर ती मागं थांबते, पुढच्या खेपेला जाते. त्यात कुणी वाईट वाटून घेऊ नये.

तुमच्या मजल्यावरच्या त्या कानडी अज्जी तुम्हाला बघून नुसत्या हसतात असं पत्राच्या मागच्या पानावर लिहिलंय तुम्ही. पुढच्या वेळी ‘ऊट आयता?’ (जेवण झालं का?) विचारून बघा. त्या ‘आयतु, निम्मदु?’ (झालं, तुमचं?) म्हणतील, तुम्ही काय केलं होतं ते सांगाल, आणि भाजीच्या नावापर्यंत पोचेस्तोवर तिसरा मजला येतो.